पालकाची सही

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेसाठी बालसंस्कार वर्गाचा इतिहास लिहून द्यावा, असे कमिटीने सांगितले, तेव्हा वर्ग चालविणारे आम्ही काहीजण प्रथम विहारातल्या लोखंडी कपाटाकडे वळलो. ते कपाट कसे आहे हे वस्तीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पावतीपुस्तकांचे गठ्ठे, जयंतीच्या मंडपाचे हिशेब, बंद पडलेला माईक, मेणबत्त्यांची अर्धी खोकी. या सगळ्याच्या तळाशी एक जुनी फाईल निघाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत भरलेल्या श्रामणेर शिबिरांचे प्रवेश-अर्ज. नाव, वय, इयत्ता, पत्ता, आणि शेवटी एक ओळ : पालकाची सही.

आम्ही ते अर्ज एकामागून एक पाहत बसलो. जुन्या अर्जांवर कितीतरी ठिकाणी सहीच्या जागी अंगठा आहे. कुठे कामावरून आलेल्या माणसाची घाईची सही, कुठे आईची, कारण बाप नव्हता किंवा असून नसल्यासारखा होता. अलीकडच्या अर्जांवर सह्या झोकदार आणि इंग्रजीत. ही प्रगतीच आहे. पण आमच्यातल्या एकाने विचारले, ही सही आपण मागतो तरी कशाला? दुसरा म्हणाला, शाळेच्या सहलीला मागतात तशी. पोराला काही झालं तर आपल्यावर नको. बहुतेकांची समजूत हीच असते. प्रत्यक्षात ही सही अडीच हजार वर्षांपूर्वीची आहे आणि तिच्यामागे एका आजोबांचे दुःख आहे. बालवर्गाचा इतिहास लिहायचा तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

बुद्धत्वप्राप्तीनंतर भगवान बुद्ध कपिलवस्तूला आले, तेव्हा यशोधरेने लहानग्या राहुलला पुढे करून सांगितले, ते तुझे वडील, जा आणि त्यांच्याकडे आपला वारसा माग. राहुल तेव्हा सात वर्षांचा होता, असे परंपरा सांगते. पोर वडिलांच्या मागे मागे चालत राहिले, वारसा द्या म्हणत राहिले. भगवंतांजवळ द्यायला राज्य नव्हते, दागिना नव्हता. त्यांनी सारिपुत्तांना सांगितले, याला प्रव्रज्या द्या. धम्माच्या इतिहासातला बालवर्गाचा पहिला विद्यार्थी तो हाच.

हे शुद्धोदनाला कळले तेव्हा म्हातारा राजा कळवळला. मुलगा गेला, नंद गेला, आता नातूही गेला. तो भगवंतांकडे आला आणि म्हणाला की पुत्रप्रेम कातडीच नव्हे, हाडापर्यंत चिरत जाते. यापुढे आईबापांच्या संमतीवाचून कोणाच्याही पोराला प्रव्रज्या देऊ नये. भगवंतांनी ते ऐकून घेतले आणि तसा नियम केला. विनयातला हा नियम आजही पाळला जातो, आणि आपल्या शिबिराच्या अर्जावरची शेवटची ओळ हा त्याचाच वंशज आहे. आम्हांला या प्रसंगात विशेष वाटते ते असे, की जगाचा शास्ता एका दुःखी आजोबाचे ऐकून स्वतःच्या संघाची रीत बदलतो. मुलाला घडवायचे तर त्याच्या घराला विचारल्याशिवाय नाही, ही गोष्ट तिथेच ठरून गेली.

पुढे राहुलचे शिक्षण कसे झाले, याचीही हकीकत पाली वाङ्मयात आहे. राजगृहाजवळ अंबलट्ठिका नावाच्या ठिकाणी राहुल राहत होता. भगवान तिथे गेले. पोराने बसायला आसन मांडले, पाय धुवायला पाणी आणले. भगवंतांनी पाय धुतले, भांड्यात थोडेसे पाणी शिल्लक ठेवले आणि विचारले, राहुल, हे उरलेलं पाणी दिसतं का? जो जाणूनबुजून खोटं बोलतो आणि त्याची लाज बाळगत नाही, त्याचं श्रमणपण एवढंच. मग ते पाणी टाकून दिले, मग भांडे पालथे घातले, मग उलटून रिकामे दाखविले, आणि प्रत्येक वेळी तीच गोष्ट सांगितली. थट्टेतसुद्धा खोटे बोलायचे नाही, असे बजावले. मग विचारले, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसेच प्रत्येक कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहायची : यातून माझे किंवा दुसऱ्याचे वाईट तर होत नाही ना.

इथे फळा नाही, पुस्तक नाही, पाठांतर नाही. पाय धुवायचे भांडे आणि त्यातले उरलेले पाणी. कोणत्याही घरात, कोणत्याही मोरीजवळ हा पाठ देता येतो. सम्राट अशोकाला हा उपदेश इतका मोलाचा वाटला की राजस्थानात बैराटजवळ सापडलेल्या भाब्रू शिलालेखात त्याने आवर्जून ऐकण्याजोग्या धम्मवचनांची यादी दिली, त्यात राहुलला खोटे बोलण्याविषयी केलेला उपदेश नाव घेऊन नोंदविला आहे. आणि ती यादी त्याने केवळ भिक्खू-भिक्खुणींसाठी दिली नाही. उपासक आणि उपासिकांनीही ती ऐकावी, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे मुलाला सांगितलेली गोष्ट त्याच्या आईबापांनीही ऐकायची. तो दगड आज कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत आहे.

आता रविवारकडे येऊ. भगवंतांच्या काळी रविवारची सुट्टी नव्हती, उपोसथाचे दिवस चंद्रावर ठरत. मग आपला वर्ग रविवारी सकाळीच का भरतो? त्या प्रथेचा इतिहास वेगळा आहे आणि तो लांबून, इंग्लंडमधून श्रीलंकेमार्गे आपल्यापर्यंत आला आहे.

इंग्लंडात ग्लॉस्टर नावाचे गाव आहे. तिथे टाचण्या बनविण्याचा धंदा मोठा होता आणि गरिबांची लहान लहान मुले त्यात आठवड्याचे सहा दिवस राबत. रविवारी काम बंद असे, तेव्हा ही पोरे रस्त्यावर धिंगाणा घालत. रॉबर्ट रेक्स नावाच्या, वर्तमानपत्र चालविणाऱ्या गृहस्थाने १७८० साली त्यांच्यासाठी रविवारची शाळा काढली. शाळा कुठे? धुराडी साफ करणाऱ्यांच्या गल्लीत, एका बाईच्या घरात, तिच्या स्वयंपाकघरात. शिकवणाऱ्या बायांना तो दिवसाला एक शिलिंग देई. मुलांसाठी अट एवढीच की तोंड-हात धुतलेले आणि केस विंचरलेले असावेत. वाचायला शिकायचे आणि धर्माची प्रश्नोत्तरे पाठ करायची. ही कल्पना पाहता पाहता सगळीकडे पसरली आणि मिशनऱ्यांबरोबर इंग्रजांच्या वसाहतींत पोचली.

श्रीलंकेत तेव्हा बौद्धांची स्थिती बिकट होती. शाळा मिशनऱ्यांच्या, नोकऱ्या त्यांच्या शाळेत शिकलेल्यांना. बौद्ध घरातले मूल शाळेत दुसरा धर्म शिके आणि घरी येऊन आजीच्या हातातल्या फुलांकडे परक्यासारखे पाही. १८७३ साली पानदुरा येथे मिगेट्टुवत्ते गुणानंद थेरांनी मिशनऱ्यांशी जाहीर वादविवाद केला; त्याचा वृत्तान्त छापून परदेशात गेला आणि अमेरिकेतल्या कर्नल ऑल्कॉट यांच्या वाचनात आला. ऑल्कॉट १८७९ मध्ये मुंबईत येऊन राहिले होते. १८८० च्या मे महिन्यात ते मुंबईहूनच बोटीने श्रीलंकेला गेले आणि २५ मे रोजी गाले येथील विजयानंद विहारात त्यांनी जाहीरपणे पंचशील घेतले. पुढल्याच वर्षी, १८८१ मध्ये, त्यांनी मुलांसाठी बौद्ध धम्माची प्रश्नोत्तरांची पुस्तिका तयार केली. हिक्कडुवे सुमंगल थेरांनी ती तपासली होती. मिशनऱ्यांचे हत्यार घेऊनच मिशनऱ्यांना दिलेले ते उत्तर होते. १८९५ मध्ये त्याच विजयानंद विहारात रविवारची धम्मशाळा सुरू झाली, आणि १८९८ मध्ये कोलंबोत स्थापन झालेल्या यंग मेन्स बुद्धिस्ट असोसिएशनने पुढे या शाळांच्या परीक्षा आणि पाठ्यक्रम हाती घेतले.

आपली रविवारची पद्धत ख्रिस्ती शाळेवरून आली, हे काही बांधवांना रुचणार नाही. आम्हांला त्यात कमीपणा वाटत नाही. चांगली गोष्ट दिसली की घ्यावी, आपल्या मातीत लावावी.

श्रीलंकेत ती मातीत कशी लागली, हे पाहण्यासारखे आहे. तिथे धम्मशाळेला ‘दहम पासल’ म्हणतात. रविवारी सकाळी पांढरे कपडे घातलेली मुले विहाराकडे निघालेली आजही गावोगावी दिसतात. शिकवणारे बहुतेक वस्तीतलेच, बिनपगारी. परंतु खरा धम्म शिकवला जातो तो वेसाकच्या, म्हणजे आपल्या बुद्धपौर्णिमेच्या आधीचे काही दिवस. बांबूच्या काड्या कापायच्या, बांधायच्या, पातळ रंगीत कागद चिकटवायचा आणि आकाशकंदील करायचा. त्याला ते ‘वेसक कुडु’ म्हणतात. बाप काड्या तासतो, आई खळ शिजवते, थोरला भाऊ सांधे बांधतो, धाकटी बहीण कागद चिकटवते आणि हमखास फाडते. मग पुन्हा पहिल्यापासून. वेसाकच्या दिवशी ‘दन्सल’ म्हणून रस्त्याच्या कडेला येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवण देतात. वाढायला घरातली पोरेही उभी असतात. दान म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर पुस्तिकेत असतेच. पण अनोळखी माणसाच्या पानात गरम भात वाढताना हाताला चटका बसतो, त्या पोराला ते उत्तर पाठ करावे लागत नाही. धम्मशाळा तिथे टिकली याचे कारण आम्हांला परीक्षेत दिसत नाही. रविवारी विहारात सांगितलेली गोष्ट उरलेले सहा दिवस घरात सापडत होती, यात दिसते.

१९५० च्या मे महिन्यात परमपूज्य बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेत कँडीला गेले. परिषदेपेक्षाही त्यांची नजर लोकांच्या जगण्यावर होती. बौद्ध धम्म इथे खरोखर किती जिवंत आहे, त्याचे विधी कसे होतात, हे आपणांस पाहायचे आहे, असे त्यांनी तिथे सांगितले होते. त्याच मुक्कामात कोलंबोच्या यंग मेन्स बुद्धिस्ट असोसिएशनपुढे त्यांचे भाषण झाले. १९५४ साली ते ब्रह्मदेशात रंगूनच्या परिषदेला गेले. मुलगा काही दिवसांसाठी श्रामणेर होतो तेव्हा सगळे घर, नातेवाईक आणि शेजार त्या सोहळ्यात उतरतो, ही ब्रह्मदेशातली जुनी रीत. १९५५ मध्ये बाबासाहेबांनी भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. दर रविवारी विहारात जावे, हा त्यांचा आग्रह आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

परंतु बाबासाहेबांना हे परदेशात जाऊनच समजले, असे कोणी मानू नये. ते स्वतः एका घरात घडले होते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या वडिलांची आठवण सांगितली आहे. सुभेदार रामजी आपल्या दोघा मुलांना महाभारत-रामायण वाचायला लावीत; आणि ते मनातल्या मनात नाही, तर बहिणी आणि घरी जमलेली शेजारपाजारची मंडळी यांना मोठ्याने वाचून दाखवायचे. हा क्रम कितीतरी वर्षे चालला. भीमराव वडिलांना विचारीत, हे ग्रंथ आपण का वाचायचे? ज्यांत आपल्याला हीन ठरविले आहे ते? वडिलांचे उत्तर असे की आपण अस्पृश्य, आपल्या मनात न्यूनगंड येईल. म्हणून द्रोण, कर्ण पाहा, लहान माणसे किती वर चढली. वाल्मीकी पाहा, कोळी होता. मुलाचे समाधान झाले नाही. ज्यांना वडील मोठे म्हणत त्यांतले कितीतरी जण आपल्याला आवडत नाहीत, असे तो स्पष्ट बोले, आणि वडील गप्प राहत. त्या गप्प राहण्याला आम्ही फार मोठे समजतो. घरात रोज वाचन होते, त्या वाचनावर प्रश्न विचारायची मुभा होती, आणि प्रश्न विचारला म्हणून थोबाडीत बसत नव्हती. तिथूनच ते पोर बुद्धाकडे निघाले.

त्याच प्रस्तावनेतली आणखी एक गोष्ट. भीमराव शाळेची एक परीक्षा पास झाले म्हणून वस्तीतल्या लोकांनी सत्कार करायचे ठरविले, तेव्हा रामजींनी आधी नकार दिला. पोरगं फक्त परीक्षा पास झालंय. असल्या कौतुकानं डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. दादा केळुस्कर मध्ये पडले म्हणून सभा झाली, आणि त्याच सभेत केळुस्करांनी आपले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. ही गोष्ट पुढे आमच्याच चुकीच्या संदर्भात पुन्हा येईल, म्हणून इथे सांगून ठेवली.

बाबासाहेबांनी सार्वजनिक कामाला सुरुवात केली तीही तरुण आणि लहान मुलांपासून. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. १९२५ मध्ये सभेने सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह उघडले. मुंबईत मोफत वाचनालय आणि पोरांनी जुगार-दारूकडे जाऊ नये म्हणून चक्क महार हॉकी क्लब काढला. (हॉकी! आमच्यातल्या तरुणांना हे सांगितले तर खरे वाटत नाही.) पण क्लबातून पोर संध्याकाळी घरी जाणार, आणि घरी काय असणार? डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांपुढे जे बोलले, त्यात या प्रश्नाला हात घातला आहे. स्वच्छ राहा, अस्पृश्यतेची खूण सांगणारे ते जड दागिने टाका, मेलेल्या जनावराचे मांस घरात येऊ देऊ नका, मुलींना शिकवा. आणि नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवायला घालू नका. १९४२ च्या जुलैत नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या महिला परिषदेतही त्यांनी आयांना हेच सांगितले : स्वच्छता, व्यसनांपासून दूर राहणे, मुलांच्या मनात मोठे होण्याची ईर्षा पेरणे, त्यांच्या लग्नाची घाई न करणे. चळवळीचा पाया त्यांनी चुलीजवळ घातला, असे आमचे मत आहे.

एवढा इतिहास पाठीशी असताना आम्ही आमच्या वर्गात काय केले, ते आता सांगतो.

१९९१ च्या जन्मशताब्दीच्या उत्साहात आपल्या विहारात रविवारचा बालसंस्कार वर्ग सुरू झाला. पहिली काही वर्षे हॉल भरून जाई. त्रिशरण, पंचशील, बावीस प्रतिज्ञा, बाबासाहेबांचे चरित्र, थोडे खेळ, शेवटी चणे-गूळ. मग आम्हांला स्पर्धेची हौस आली. पाठांतर स्पर्धा, सामान्यज्ञान स्पर्धा, पहिला-दुसरा-तिसरा नंबर, चषक, बुद्धजयंतीला स्टेजवर सत्कार. ज्यांना नंबर मिळे त्यांचे आईबाप खूष. ज्यांना मिळत नसे ती पोरे हळूहळू यायची बंद झाली. रामजी सुभेदारांनी जे सत्तर-ऐंशी नव्हे, शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते ते आम्हांला ओळखता आले नाही. वर्गाची पोरे हॉलच्या पहिल्या दोन रांगांत मावू लागली, तेव्हा आम्ही टीव्हीला दोष दिला. पुढे मोबाईल आला, मग मोबाईलला दिला.

त्याच काळातली एक गोष्ट आम्हांला आजही टोचते. वर्गात एक मुलगा होता, चौथीतला. पंचशील म्हणताना पहिली चार शीले खणखणीत म्हणायचा आणि पाचवे आले की ओठ मिटून घ्यायचा. दोन-तीन रविवार आमच्या लक्षात आले. आम्ही त्याला उभे केले, सगळ्यांसमोर विचारले, पाठ होत नाही का? तो काही बोलला नाही. पोरं हसली. पुढल्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढल्याही नाही. त्याची आजी विहारात फुलं घेऊन यायची, तिला आम्ही विचारलं. ती म्हणाली, "गुरुजी, त्याला सगळं येतं. तो मला म्हणतो, आजी, सांजच्याला मीच पप्पांसाठी बाटली आणायला जातो. मग रविवारी ते म्हटलं तर चौथं शील मोडतं ना?"

आम्ही गप्प झालो. अंबलट्ठिकेत राहुलने जे भांड्यातल्या पाण्यात पाहिले, ते या पोराने कोणी न शिकविता पाहिले होते, आणि आम्ही त्याला वर्गात उभे करून हसे केले होते. फक्त त्याच्याच घरचे बोलायचे कशाला? हप्तेवाला दारात आला की "पप्पा घरी नाहीत म्हणून सांग" असे पोराला सांगणारी घरे आपल्या वस्तीत कमी नाहीत. आमच्यातल्या एकाने हे स्वतःच्या घरचे म्हणून कबूल केले. मुसावादा वर्गात शिकवायची आणि उंबऱ्यात मोडायला लावायची. यात पोराची काय चूक?

त्यानंतर कमिटीच्या बैठकीत बरीच वादावादी झाली. काहींचे म्हणणे, विहाराने लोकांच्या घरात डोकावू नये. ते पूर्ण चूक नव्हते. शेवटी आमच्यातल्या एका ज्येष्ठ उपासिकेने मार्ग काढला. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होतच असे. ते आठवड्यातून एक दिवस घरोघरी पाळीने न्यायचे. वाचायचे मोठ्यांनी नाही, त्या घरातल्या मुलांनी. मोठ्यांनी ऐकायचे. अडले तर सांगायचे, मूल काही विचारील तर उत्तर द्यायचे, आणि उत्तर नसेल तर नाही म्हणायचे. घरच्यांनी फक्त चहा द्यायचा. खिरीची, नाश्त्याची चढाओढ नको, असे आधीच ठरवून टाकले. (ते ठरवणे दुसऱ्या वर्षी मोडले, आणि खिरीला आम्ही नाही म्हणू शकलो नाही.) रामजी सुभेदारांच्या घरातला जुना पाठ आम्ही फक्त ग्रंथ बदलून गिरवला, तसा तो गिरवतो आहोत, हे मात्र आम्हांला फार उशिरा कळले.

त्या मुलाच्या घरची पाळी श्रावणात आली. आजीने घर सारवल्यासारखे पुसून घेतले होते, तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना ताजी फुले. वाचायला तोच बसला. त्याचे वडील बाहेर, उंबऱ्याच्या पलीकडे, चपलांजवळ बसून राहिले. आत या म्हटलं तर म्हणाले, "असू द्या, इथनं ऐकायला येतंय." दुसऱ्या वर्षी ते आत, भिंतीला टेकून बसले होते. दारू सुटली का, असे वाचक विचारतील. सुटते, लागते, पुन्हा सुटते. ज्यांच्या घरात हे झाले आहे त्यांना आम्ही काय सांगावे. एवढे मात्र आम्हांला आजीकडून कळले की बाटली आणायला पोराला पाठवणे त्यांनी त्या पहिल्या श्रावणापासून बंद केले. जायचे तर स्वतः जात.

तेव्हापासून वर्गातल्या स्पर्धा आम्ही बंद केल्या. बुद्धपौर्णिमेचे कंदील आता दुकानातून आणत नाही. शनिवारी रात्री विहारात आईबापांसह सगळे बसून करतात आणि फरशीवर आठवडाभर खळीचे डाग राहतात. शिबिराच्या दहा दिवसांचे भोजनदान एकेका गल्लीकडे दिले आहे. मुलींचे शिबिर स्वतंत्र घ्यावे, ही महिला मंडळाची मागणी मात्र अजून फाईलमध्येच आहे, आणि ती तिथे राहिली यात आमचाही दोष आहे.

ज्या फाईलवरून हे सगळे आठवले, तिच्यात त्या मुलाचा अर्ज आहे. इयत्ता सहावी. पालकाच्या सहीच्या जागी वडिलांचे नाव, मोठ्या, अलग अलग अक्षरांत, शेवटचे अक्षर ओळीच्या खाली उतरलेले. त्या वर्षी शिबिराच्या सातव्या दिवशी श्रामणेरांची चारिका त्यांच्या गल्लीतून गेली. डोकी मुंडलेली, अंगावर चीवर, हातात भिक्षापात्र, नजर खाली. कोण कोणाचे पोर ते आयांनाही पटकन ओळखू येत नव्हते. ते दारासमोर थांबले तेव्हा आजी आणि आई पातेले धरून उभ्या होत्या. वडिलांनी पुढे होऊन आईच्या हातातला डाव घेतला, पात्रात भात वाढला, आणि डाव पातेल्यात ठेवून त्याच पोरासमोर दोन्ही हात जोडून खाली वाकले. पोराने वर पाहिले नाही. रांग पुढे सरकली.